तोफ, झोका आणि कणवेगवर्धक

धाराशिव जिल्ह्यातील परंड्याचा भुईकोट किल्ला तोफांसाठी प्रसिद्ध आहे. आजही त्याच्या बुरुजांवर मोठमोठ्या तोफा पाहायला मिळतात. मात्र या किल्ल्याची सर्वांत नामांकित तोफ आता तिथे नाही. १५४९ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ओतलेली ही प्रचंड तोफ परंड्याला होती आणि १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. तिचे वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास. ती ओढायला शेकडो बैल आणि हत्ती लागले, असे सांगतात. फर्ड्या वक्त्याला आपण ज्या तोफेची उपमा देतो, तीच ही मुलुखमैदान तोफ.

तोफ म्हणजे एखाद्या वस्तूला वेग देणारे यंत्र. विसाव्या शतकात माणसाने वेग देणारी आणखी एक यंत्रे बनवली. त्यांना कणवेगवर्धक म्हणतात. तोफ लोखंडाचा गोळा फेकते, कणवेगवर्धक प्रोटॉन किंवा इलेक्ट्रॉन फेकतो. या दोहोंच्या मधल्या वाटेवर काही विज्ञानकथा आहेत, एक फसलेले प्रात्यक्षिक आहे आणि झोपाळ्यावर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली एक युक्ती आहे. ही वाट फिरून पुन्हा परंड्याच्या परिसरातच येते. ती कशी, ते पाहू.

एकच धक्का

तोफेत दारूचा स्फोट होतो, वायू प्रसरण पावतात आणि गोळ्याला ढकलतात. हे ढकलणे गोळा नळीत असेपर्यंतच चालते. समजा, चार मीटर लांबीच्या नळीतून गोळा सेकंदाला ३०० मीटर वेगाने बाहेर पडला. v² = 2as या सूत्राने त्वरण काढले, तर ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ११०० पट येते. हा सारा प्रकार सेकंदाच्या चाळिसाव्या भागात आटोपतो. वेग वाढवायचा तर धक्का तरी मोठा हवा किंवा नळी तरी लांब हवी.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८६५ साली 'पृथ्वीवरून चंद्राकडे' ही कादंबरी लिहिली, तेव्हा त्याने दोन्ही गोष्टी केल्या. त्याची तोफ ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांब. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला सेकंदाला ११ किलोमीटर वेग लागतो, तो या तोफेने द्यायचा होता. गोळ्यात माणसे बसलेली. हे गणित नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या २२,००० पटींहून अधिक येते. ६० किलो वजनाच्या माणसाला आपले वजन साडेतेराशे टन वाटेल, आणि तसे वाटायलाही तो शिल्लक राहणार नाही. व्हर्नने आकडे काळजीपूर्वक दिले होते, म्हणून तर आपल्याला त्याची चूक आकड्यांनी दाखवता येते. चांगल्या विज्ञानकथेचे हे लक्षणच म्हणायला हवे.

मग प्रवाशांना सोसवेल अशा बेताने, गुरुत्वत्वरणाच्या तिप्पट त्वरणाने हाच वेग द्यायचा, तर नळी किती लांब लागेल? उत्तर येते सुमारे २,००० किलोमीटर. इतक्या लांब नळीत दारूचा एकच स्फोट काय कामाचा? वाटेत पुन्हा पुन्हा ढकलणारे काहीतरी हवे.

विजेची तोफ

असे काहीतरी बनवायचा प्रयत्न नॉर्वेच्या ख्रिस्तियान बर्कलँड यांनी केला. हे भौतिकशास्त्रज्ञ ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करीत. संशोधनाला पैसा हवा होता. त्यांनी १९०१ साली विद्युत्चुंबकीय तोफेचे पेटंट घेतले. एकापुढे एक तारेची वेटोळी मांडायची आणि त्यांतून क्रमाक्रमाने विद्युत्प्रवाह सोडायचा. प्रत्येक वेटोळे चुंबक बनून लोखंडी गोळ्याला पुढे ओढते. गोळा वेटोळ्याच्या मध्यावर आला, की त्यातला प्रवाह बंद करायचा, नाहीतर तेच वेटोळे गोळ्याला मागे खेचू लागते. म्हणजे धक्क्याच्या जोराइतकेच महत्त्व त्याच्या वेळेला आले.

१९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात, मान्यवरांच्या समोर, या तोफेचे प्रात्यक्षिक ठेवले होते. कळ दाबली आणि मंडल लघुपथित झाले. प्रचंड आवाज, डोळे दिपवणारी विजेची ज्योत आणि श्रोत्यांची पळापळ. तोफ विकली जाण्याची आशा तिथेच संपली. पण चुंबकीय क्षेत्रात पसरणाऱ्या विद्युत्ज्योतीचे महत्त्व बर्कलँड यांनी जाणले. याच सुमारास उद्योजक सॅम आयडे हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याच्या खटपटीत होते आणि त्यासाठी त्यांना जणू कृत्रिम वीज हवी होती. दोघांनी मिळून ज्योतीच्या भट्ट्या उभारल्या. त्यातून नायट्रिक आम्ल आणि पुढे कॅल्शियम नायट्रेट हे खत तयार होऊ लागले. १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली ती याच पद्धतीवर. पुढे हेबर-बॉश पद्धतीने तिला मागे टाकले, ही गोष्ट वेगळी. तोफ बनवायला निघालेला माणूस खताच्या कारखान्यापाशी पोहोचला!

झोक्याची युक्ती

आता कणांकडे वळू. १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉनना लाखो व्होल्टचा दाब लावून वेग दिला आणि लिथियमच्या अणुकेंद्राचे दोन तुकडे केले. कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्र फोडण्याची ही पहिली वेळ. ही पद्धत तशी तोफेचीच: एकच मोठा विद्युत् दाब, एकच मोठा धक्का. तिची मर्यादाही तोफेसारखीच. दाब फार वाढवला, की ठिणगी उडते आणि सगळी वीज वाटेतच निसटते.

यातून सुटायची युक्ती झोपाळ्यावरच्या मुलाला माहीत असते. उंच झोका घ्यायला एकदम मोठा धक्का लागत नाही. झोका परत येऊन पुढे जायला लागला, की नेमक्या वेळी हलकासा धक्का द्यायचा. असे पंधरा-वीस धक्के दिले की झोका झाडाच्या फांदीपर्यंत पोहोचतो. वेळ चुकली तर तोच धक्का झोका थांबवतो. नागपंचमीच्या झोक्याचे हे भौतिकशास्त्र शाळेच्या अंगणात पाचवीच्या मुलांनाही दाखवता येईल.

स्वीडनच्या गुस्ताव्ह इसिंग यांनी १९२४ मध्ये ही कल्पना कणांसाठी मांडली. बर्कलँड यांच्याच देशाच्या रॉल्फ विडरो या तरुणाने जर्मनीत ती प्रत्यक्षात आणली आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याने धातूच्या पोकळ नळ्या एका रेषेत ठेवून त्यांना उलटसुलट होणारा २५,००० व्होल्टचा दाब लावला. दोन नळ्यांमधल्या फटीत आयनाला धक्का बसतो. नळीच्या आत विद्युत् क्षेत्र पोहोचत नाही, त्यामुळे आयन तिथून निवांत जातो. तो बाहेर पडेपर्यंत दाबाची दिशा उलटते आणि पुढच्या फटीत पुन्हा पुढेच धक्का मिळतो. अशा रीतीने २५,००० व्होल्टमधून आयनाला ५०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली. घराघरांत होत्या त्या काचेच्या नळीच्या रंगीत टीव्हीतही साधारण इतकाच दाब असे. विडरोचे यश दाबाच्या आकड्यात नव्हते, तोच दाब दोनदा वापरण्यात होते.

हा लेख १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हाती पडला. त्यांना जर्मन फारसे येत नव्हते, पण आकृत्या पाहून मर्म कळले. नळ्यांची रांग लांबवण्याऐवजी चुंबकीय क्षेत्राने कणांना गोल फिरवले, तर तीच फट पुन्हा पुन्हा वापरता येईल. बारावीच्या पुस्तकात येणारा सायक्लोट्रॉन तो हाच. इथे विद्यार्थ्यांच्या दोन शंका नेहमी असतात. पहिली: चुंबक कणाचा वेग वाढवतो का? नाही. चुंबकीय बल गतीच्या दिशेशी काटकोनात असते, ते फक्त दिशा बदलते. वेग वाढवते ते विद्युत् क्षेत्र. दुसरी: वेग वाढल्यावर वेळ चुकत नाही का? वेग वाढला की वर्तुळही त्याच प्रमाणात मोठे होते, म्हणून एका फेरीचा काळ तोच राहतो. १९३१ च्या सुरुवातीला लॉरेन्स आणि त्यांचे विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांनी तळहातावर मावेल अशा यंत्रात दोन हजार व्होल्टहून कमी दाबाने हायड्रोजनच्या आयनांना ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिली.

वेग प्रकाशाच्या जवळ गेला की हे वेळापत्रक बिघडते. तेव्हा धक्क्यांची वेळ आणि चुंबकाचे बल यांचा कणांच्या ऊर्जेशी मेळ राखावा लागतो. त्या यंत्रांना सिंक्रोट्रॉन म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेतील २७ किलोमीटर परिघाचे यंत्र याच वंशातले. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला तो तिथेच. तिथला प्रोटॉन सेकंदाला ११,००० हून अधिक फेऱ्या मारतो आणि वेग घेताना दर फेरीला त्याला जेमतेम पाच लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा धक्का मिळतो. वीसेक मिनिटांत, एक कोटीहून अधिक फेऱ्यांनंतर, तो आपल्या अंतिम ऊर्जेला पोहोचतो. या यंत्राची अजस्र चुंबके ज्यांवर नेमकी बसवली आहेत, ते सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले, आणि त्यामागे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे काम होते.

मुंबईची यंत्रे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सुरुवातीच्या काळात निसर्गाचाच वेगवर्धक वापरला. अंतराळातून येणारे विश्वकिरण टिपण्यासाठी बलून आकाशात सोडले, कोलारच्या सोन्याच्या खाणीत उपकरणे बसवली. विश्वकिरण फुकट मिळतात, पण ते आपल्या सवडीने येत नाहीत. हवा तो कण, हव्या त्या ऊर्जेचा, हव्या त्या वेळी मिळवायचा तर यंत्र लागते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात ५५ लाख व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ वेगवर्धक आला. पुढे त्याच्याच जागी नवे यंत्र उभे राहिले आणि २००० साली सुरू झाले.

कुलाब्याला टाटा संस्थेच्या आवारात ३० डिसेंबर १९८८ रोजी पेलेट्रॉन सुरू झाला. हे यंत्र भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचे संयुक्त. धातूच्या लहान नळकांड्यांची साखळी रहाटगाडग्यासारखी फिरते आणि विद्युत्भार वाहून उंच टाकीच्या मध्यावर नेते. तिथे १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत दाब साठवता येतो. ऋण आयन वरून सोडले की मध्याकडे ओढले जातात. तिथे कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन ओरबाडले जातात, ते धन होतात आणि आता तोच दाब त्यांना खाली लोटतो. इथेही एकाच दाबाचा दोनदा उपयोग! पुढे संस्थेतच बनवलेला अतिसंवाहक रेषीय वेगवर्धक त्याला जोडला गेला आणि २००७ मध्ये तो पूर्ण झाला. तांब्यावर शिशाचा मुलामा दिलेली २८ अनुनादक पात्रे त्यात आहेत. द्रवरूप हेलियमने थंड केलेली ही पात्रे आयनांना क्रमाने धक्के देतात.

मराठी विज्ञानकथेचा एक धागाही याच आवारात सापडतो. डॉ. जयंत नारळीकर टाटा संस्थेत असतानाच १९७४ मध्ये त्यांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. ती त्यांनी टोपणनावाने पाठवली होती.

चंद्रावरची गोफण

तोफेची कल्पना कथेतून गेली नव्हती. फक्त तिची जागा बदलली. चंद्रावर हवा नाही आणि तिथून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर इतकाच वेग पुरतो. माणसांऐवजी माल पाठवायचा, तर गुरुत्वत्वरणाच्या शंभरपट त्वरणही चालेल. मग मार्ग किती लांब लागतो? सुमारे तीन किलोमीटर. व्हर्नच्या तोफेला जे पृथ्वीवर जमत नव्हते, ते वेटोळ्यांच्या रांगेला चंद्रावर जमण्याजोगे आहे. आर्थर क्लार्क यांनी १९५० मध्ये अशा यंत्राविषयी गंभीर लेख लिहिला. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९६६ च्या कादंबरीत चंद्रावरची वसाहत विद्युत्चुंबकीय गोफणीने पृथ्वीवर धान्य पाठवते. तेच धान्य भारतातल्या भुकेल्या लोकांसाठीही असते. पुढे बंड होते आणि त्याच गोफणीतून धान्याऐवजी खडक येऊ लागतात. यंत्र तेच, भरलेला माल वेगळा.

कथा आणि प्रयोगशाळा यांची गाठ एका माणसात पडली. प्रिन्स्टन विद्यापीठाचे जेरार्ड ओनील यांनी १९५६ मध्ये वेगवान कणांना कड्यात साठवून ठेवून त्यांची टक्कर घडवण्याची योजना मांडली. आजची टकरीची यंत्रे या विचारावर उभी आहेत. याच ओनील यांनी सत्तरच्या दशकात अंतराळातील वसाहतींचा आराखडा मांडला आणि चंद्रावरची माती फेकण्यासाठी वेटोळ्यांच्या यंत्राची नमुनाप्रत १९७६-७७ मध्ये सहकाऱ्यांसह बनवून दाखवली. त्यांना दोन्ही यंत्रे एकाच जातीची वाटली यात नवल नाही: वेळेवर दिलेले अनेक धक्के.

चंद्रावर अजून असे यंत्र गेलेले नाही. पृथ्वीवर मात्र २०१७ मध्ये सेवेत आलेल्या अमेरिकी विमानवाहू नौकेवर विद्युत्चुंबकीय बलाने विमाने उडवली जातात. त्याच नौदलाने विद्युत् तोफेवर अनेक वर्षे खर्च केला आणि २०२१ मध्ये ते काम थांबवले.

रुग्णालयातला वेगवर्धक

वेगवर्धक म्हटले की डोळ्यांपुढे जिनिव्हा येते, पण जगातील बहुसंख्य वेगवर्धक रुग्णालयांत आणि कारखान्यांत आहेत. हे नाते फार जुने आहे. १९३७ मध्ये लॉरेन्स यांच्या आईला ओटीपोटाचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली. लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड स्लोन यांनी दहा लाख व्होल्टची क्ष-किरण नळी बनवली होती. त्या प्रकारच्या यंत्राने सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्यावर उपचार झाले आणि त्या पुढे कित्येक वर्षे जगल्या.

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी शक्तिमान सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळ्या तयार झाल्या. त्यांनी विडरोच्या कल्पनेला नवे बळ दिले. १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रेषीय वेगवर्धकाने रुग्णांवर उपचार सुरू झाले. या यंत्रात सूक्ष्मलहरींवर स्वार झालेले इलेक्ट्रॉन हातभर लांबीच्या नळीत ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळवतात, टंगस्टनवर आदळतात आणि भेदक क्ष-किरण निघतात. भारतात पवईच्या आयआयटीच्या आवारातील 'समीर' या संस्थेने असे यंत्र देशात विकसित केले. टाटा संस्थेच्या सूक्ष्मलहरी विभागातूनच ती १९८४ मध्ये स्वतंत्र झाली होती.

त्याआधीपासून किरणोपचारासाठी किरणोत्सारी कोबाल्ट-६० वापरला जातो. त्याला विजेवर चालणारी गुंतागुंतीची नळी लागत नाही, पण त्याचा किरणोत्सार सव्वापाच वर्षांत निम्मा होतो आणि तो कधी बंद करता येत नाही. वेगवर्धक कळ दाबताच बंद होतो. मात्र त्याला स्थिर वीजपुरवठा, शीतकरण आणि प्रशिक्षित माणसे लागतात. ग्रामीण भागात या तीन गोष्टी एकत्र मिळणे किती अवघड, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुन्हा परंडा

आणि इथे आपण परंड्याला परत येतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील अशी ही पहिली ग्रामीण नोंदणी. शहरात रुग्णालयांच्या कागदांवरून नोंद करता येते. इथे पुष्कळ रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नव्हते, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे सांगितली. या भागात स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते आणि तो बहुधा फार उशिरा लक्षात येई. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की नुसत्या जागृतीमुळे आजार आधीच्या टप्प्यावर ओळखला जाऊ लागला होता.

१९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठी चाचणी घेतली. ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. काही समूहांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि काहींत नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या गटात पुढच्या टप्प्याचे कर्करोग आणि मृत्यू जवळजवळ निम्मे आढळले. तपासणी न मिळालेल्या गटातील स्त्रियांबाबत पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले, तेही विसरता कामा नयेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयी जगभर होणाऱ्या चर्चेत आपल्या जिल्ह्याचे नाव आजही येते, हे मात्र इथल्या किती विद्यार्थ्यांना माहीत असेल?

कर्करोगपूर्व बदल वेळीच सापडले, तर गोठवून किंवा लहानशा शस्त्रक्रियेने काम भागते. किरणोपचाराच्या यंत्रापुढे त्या बाईला जावेच लागत नाही. उशीर झाला, तर साठ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे यंत्रही पुष्कळदा तोकडे पडते. म्हणून जिल्ह्याला यंत्रे हवीत, ती चालवणारी माणसे हवीत आणि त्यांच्याही आधी गावात वेळेवर पोहोचणारी तपासणी हवी.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. परंड्याच्या किल्ल्यावर सहल गेली, तर तोफेची लांबी मुलांकडून मोजून घ्यावी आणि वर दिलेले गणित तिथेच करून घ्यावे. परत आल्यावर झोक्याचा प्रयोग करावा. आणि वरच्या वर्गातील मुलामुलींना त्या ३४६ गावांची व १,३१,७४६ स्त्रियांची हकीकत सांगावी. त्यांतल्या कोणाची आजी त्या शिबिरात गेलेली असणे अगदी शक्य आहे.